घर दाखवणाऱ्याचा परवाना



या व्यासपीठावरून गेल्या चार दिवसांत आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, नद्यांच्या पाण्यावर ऐकलेत; आणि आज घरांच्या दलालाने ऑनलाइन अभ्यास करून परवाना मिळवणे हा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांनी भुवया उंचावल्या असतील. चिटणिसांनीही मला विचारलेच, की विषय जरा व्यापक करता येणार नाही का? मी नको म्हटले. व्यापक विषयांवर बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. मी पेशाने वकील. स्थावर मिळकतीचे कागद वाचण्यात माझे आयुष्य गेले, आणि गेली दोन वर्षे या परीक्षेला बसणाऱ्या मंडळींना संगणकाच्या पडद्यावरून कायद्याचे काही तास मी शिकवतो. जे पाहिले त्याविषयीच बोलावे, एवढीच माझी ऐपत आहे.

शिवाय विषय वाटतो तितका लहान नाही. आपण भाजी घेताना चार गाड्या फिरतो. साडी घेताना दुकानदाराला गाद्यांवरच्या घड्या मोडायला लावतो. आणि घर? जन्माची पुंजी, वर वीस वर्षांचे कर्ज, बायकोचे दागिने, एवढे सारे ज्या व्यवहारात ओतायचे, तो व्यवहार आपण पुष्कळदा अशा एका माणसाच्या शब्दावर करतो, की ज्याचे पूर्ण नावही आपल्याला ठाऊक नसते. फोनमध्ये त्याची नोंद ‘एजंट कोथरूड’ अशी असते. त्या माणसाला काय येते, काय येत नाही, तो कोणाला जबाबदार आहे, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नव्हती.

दलाल हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात त्याचा धातू वाट दाखवणे या अर्थाचा आहे. आपण मात्र त्याची पार शिवी करून टाकली. आता ज्याला धंदा चांगल्या घरात सांगायचा असतो तो स्वतःला दलाल म्हणवत नाही, एजंट म्हणवतो; त्याहून पुढे गेलेला कन्सल्टंट म्हणवतो. पाटी बदलली तरी काम तेच. ज्याला विकायचे आहे आणि ज्याला घ्यायचे आहे, या दोन अनोळखी माणसांना एका खोलीत आणून बसवणे, आणि ते उठून जाणार नाहीत एवढ्या बेताने बोलत राहणे.

या कामाला कोण येत असे, हेही पाहण्यासारखे आहे. नाक्यावरचा पानवाला, कारण कोणाचे बिऱ्हाड हलणार हे त्याला आधी कळे. इस्त्रीवाला, निवृत्त तलाठी, गिरणी बंद पडलेला कामगार, सोसायटीचा रखवालदार. भांडवल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि माणसांच्या ओळखी. शिक्षण म्हणजे उमेदवारी: एखाद्या जाणत्या दलालाच्या मागून किल्ल्या घेऊन वर्षभर जिने चढायचे, आणि तो काय बोलतो, त्याहून कुठे गप्प बसतो, ते पाहायचे. मुंबईत पागडीच्या जमान्यात हा धंदा अर्धा उजेडात आणि अर्धा काळोखात चाले. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले होते, आणि पागडीशिवाय खोली मिळत नव्हती. तेव्हा ज्या माणसाचे तोंड बंद राहते तोच चांगला दलाल ठरे. ती सवय धंद्याला पुढे पुष्कळ दिवस पुरली.

बांधणाऱ्यावर कायद्याची नजर आपल्याकडे बरीच आधी गेली. महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीचा कायदा १९६३ सालचा आहे. जमिनीचा हक्क दाखवा, नकाशे दाखवा, करारनामा नोंदवा, हे बिल्डरला तेव्हाच सांगितले गेले. पाळले किती गेले हा प्रश्न वेगळा. पण त्या बिल्डरचे घर गळी उतरवणारा जो मधला माणूस, त्याला परवाना हवा असे तेव्हा कोणी म्हटले नाही. मोटार चालवायला परवाना, विमा विकायला परीक्षा, आणि साठ लाखांचे घर विकायला फक्त जीभ, अशी स्थिती या राज्यात पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ राहिली.

ती पालटली ती २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने. त्याचा मुख्य भाग १ मे २०१७ पासून अमलात आला, आणि आपल्याकडे त्याच्या अंमलबजावणीसाठी महारेरा हे प्राधिकरण आले. त्यातली दोन कलमे दलालांसंबंधी आहेत, नववे आणि दहावे. नववे म्हणते, नोंदणी केल्यावाचून कोणीही नोंदणीकृत प्रकल्पातले घर वा भूखंड विकून देण्याच्या व्यवहारात पडू नये. दहावे म्हणते, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरे विकू नयेत, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात, नसलेली मान्यता आहे म्हणून सांगू नये, आणि घर नोंदवतेवेळी ग्राहकाला ज्या माहितीवर व कागदांवर हक्क आहे ते त्याच्या हाती पडतील असे पाहावे. हे शेवटचे वाक्य आपण लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे. या दोन कलमांचा भंग केला तर बासष्टाव्या कलमाप्रमाणे दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. दलालाची दलाली एकदोन टक्के धरली, तर हा दंड काय आहे ते ध्यानात येईल.

पण पहिली पाचसहा वर्षे नोंदणी म्हणजे अर्ज, कागद आणि शुल्क एवढेच होते. एकट्या माणसाला दहा हजार रुपये आणि पाच वर्षांची मुदत. शिकलात काय, हे कोणी विचारीत नव्हते. मग जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढला, की एजंटाने वीस तासांचे प्रशिक्षण घेतले पाहिजे, परीक्षा दिली पाहिजे, आणि प्रमाणपत्र मिळवले पाहिजे. बिल्डरच्या विक्री-कार्यालयात ग्राहकांशी बोलणाऱ्या नोकरांनाही तोच नियम. प्रशिक्षण वर्गात बसून घ्या, नाहीतर ऑनलाइन घ्या. परीक्षा पन्नास प्रश्नांची, तासाभराची. प्रत्येक प्रश्नाला पर्याय दिलेले, त्यांतला बरोबर निवडायचा. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. मुदत दोनदा वाढली, आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्रावाचून धंदा नाही असे ठरले. त्यानंतर २०२४ सालीच वीस हजारांच्या आसपास एजंटांची नोंदणी स्थगित झाली, कारण त्यांनी प्रमाणपत्र सादर केले नव्हते.

वीस हजार! हे सगळे लबाड होते काय? मुळीच नाही. त्यांत धंदा सोडून गेलेले होते, एकदा हौसेने नोंदणी करून विसरून गेलेले होते. आणि साठीला आलेले, ज्यांना कायद्यापेक्षा संगणकाची भीती वाटते, असेही होते. माझ्या वर्गात असे एक गृहस्थ होते. तीस वर्षांचा धंदा. त्यांच्या भागातल्या कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर पाणी चढत नाही हे त्यांना तोंडपाठ. त्यांचा पडदा नातू सुरू करून देई, आणि मग दोन तास त्या चौकोनात आम्हाला फक्त छतावरचा पंखा दिसे, कारण फोन टेबलावर उताणा ठेवलेला असे. पण कान जागे होते. प्रश्न सगळ्यांत जास्त त्यांनीच विचारले.

या ऑनलाइन शिक्षणाची थट्टा करणे सोपे आहे, आणि थट्टेसारखे त्यात पुष्कळ आहे. पडद्यावर पन्नास चौकोन. त्यांतले तीस काळे. कोणी स्कूटरवरून जाता जाता वर्ग ‘ऐकतो’. कोणी एका कानात मला ठेवतो आणि दुसऱ्या कानात गिऱ्हाइकाला. वीस तास भरले की काम झाले, अशी समजूत. एकाने तर मला सरळ विचारले, “सर, हजेरी लागली ना? मग मी जरा साइटवर जाऊन येतो.” हे सगळे खरे आहे.

पण दुसरेही खरे आहे. माझ्या वर्गात तालुक्याच्या गावची एक बाई होती. नवरा गेल्यावर त्याच्या ओळखींवर तिने प्लॉटांचा व्यवसाय चालवला. गावात तिला कोणी ‘दलालीणबाई’ म्हणे, आणि त्या हाकेत जे असते ते सांगायला नको. पुण्यामुंबईस येऊन, खोली घेऊन, वर्गात बसणे तिला जन्मात शक्य नव्हते. रात्री स्वयंपाक उरकून ती नऊ वाजता पडद्यासमोर बसे, शेजारी वही. तिच्यासाठी हा पडदा नसता तर हा परवानाही नसता. तेव्हा ऑनलाइन शिक्षण चांगले की वाईट, हा वाद मला फारसा कळत नाही. कायद्याची कलमे पडद्यावरून शिकता येतात. मी फळ्यासमोर उभा राहिलो असतो तरी दहावे कलम काही वेगळे झाले नसते.

आणि जे शिकवले जाते ते क्षुल्लक आहे असे समजू नका. एक चटईक्षेत्राचीच गोष्ट घ्या. जाहिरातीत असे, साडेनऊशे चौरस फूट, दर सहा हजार. म्हणजे सत्तावन्न लाख. हे साडेनऊशे कुठले? तर ‘सुपर बिल्टअप’. त्यात जिना आला, लिफ्ट आली, गच्चीचा वाटा आला, दारातल्या बागेतली नारळाची झाडेही आली. आत जाऊन मोजले तर पाय ठेवायला जागा साडेसहाशे. म्हणजे खरा दर आठ हजार साडेसातशेच्या वर. २०१६ च्या कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्याच करून टाकली: आतल्या भिंतींची जागा धरायची; बाहेरच्या भिंती, नळांचे उभे बोळ, बाल्कनी, मोकळी गच्ची ही धरायची नाहीत. आता करारात हाच आकडा लागतो. हे मी सांगितले तेव्हा आमचे पंख्याखालचे गृहस्थ म्हणाले, “साहेब, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होते. फक्त विचारल्याशिवाय सांगायचे नाही, असे शिकलो होतो.” मला हे वाक्य साऱ्या अभ्यासक्रमापेक्षा बोलके वाटले. उमेदवारीने धंदा शिकवला होता. न विचारता सांगणे हे कर्तव्य आहे, हे मात्र पहिल्यांदा कायद्याने शिकवले.

दुसरी गोष्ट दहा टक्क्यांची. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्या सत्तावन्न लाखांच्या घराला पाच लाख सत्तर हजार. यापुढे एक रुपया मागितला, तर आधी साठेखत, तेही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. ‘आज वीस टक्के भरा, नाहीतर उद्या भाव वाढतोय’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येते, तो एकतर शिकलेला नाही, नाहीतर शिकून विसरलेला आहे. ग्राहकांच्या पैशांतला सत्तर टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवायचा, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा, ही सारी कलमे एजंटाला माहीत असणे म्हणजे ग्राहकाच्या बाजूने एक माणूस माहीतगार होणे आहे. निदान तसे व्हावे.

‘निदान’ म्हणालो, याला कारण आहे. खरी अडचण इथेच सुरू होते, आणि ती वीस तासांच्या अभ्यासक्रमात एका ओळीने उरकली जाते. नव्या प्रकल्पातले घर घेताना दलाली पुष्कळदा बिल्डर देतो. ग्राहक खूश, म्हणतो, मला तर काहीच पडले नाही. अहो, पडले नाही कसे? बिल्डर ती रक्कम आपल्या वडिलांच्या इस्टेटीतून देतो काय? घराच्या किमतीतूनच ती निघते. पण पैशापेक्षा मोठा प्रश्न हा, की मग तो मधला माणूस कोणाचा? मीठ बिल्डरचे, आणि गोड बोलणे तुमच्याशी. तुम्ही त्याला ‘आपला एजंट’ म्हणता आणि तो विक्री करीत असतो दुसऱ्याची. १८७२ च्या कराराच्या कायद्यात एजन्सीवर एक अख्खे प्रकरण आहे. धन्याला न कळवता एजंटाने त्याच्या कामात स्वतःचा सौदा घुसवला, तर त्यात झालेला फायदा धनी मागू शकतो, इथपर्यंत त्यात लिहिलेले आहे. दीडशे वर्षे हा कायदा पुस्तकात आहे. ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी कितींनी तो वाचला, हे आपण मला विचारू नका.

आता मघाच्या दहाव्या कलमाकडे या. ते असे म्हणत नाही की बिल्डरकडून दलाली घेऊ नका. ते म्हणते, पैसे कोणाकडूनही घ्या, पण ग्राहकाच्या हक्काचे कागद ग्राहकाच्या हाती पडू द्या. म्हणजे मिठाला जागूनही खरे बोला. हे किती कठीण आहे! चार पर्यायांतून एक निवडण्याच्या प्रश्नात ते अगदी सोपे वाटते. बरोबर पर्यायावर टिचकी मारायला एक क्षण पुरतो. पण समोर गिऱ्हाईक बसले आहे, महिन्याभरात एकही व्यवहार झालेला नाही, घरभाडे थकले आहे, आणि गिऱ्हाईक विचारते आहे, “शेजारच्या प्लॉटवर काय होणार आहे हो?” अशा वेळी जे उत्तर तोंडातून निघते, ते पडद्यावर शिकवता येत नाही. ते कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावे लागते, आणि ज्याच्या शेजारी बसायचे तो माणूस बरा असावा लागतो.

जी गोष्ट उत्तरांची तीच कागदांची. सातबाराचा नमुना पडद्यावर दाखवता येतो. मालकाचे नाव कुठे, इतर हक्कांत बोजा कुठे, फेरफाराचा क्रमांक कुठे, हे बाणांनी दाखवता येते. पण सातबारावर तीन भावांची नावे आहेत, सही करायला दोघेच आले आहेत, आणि तिसरा ‘येतोय, येतोय’ म्हणून सांगितले जात आहे. इथे थांबावे, हे ज्याला कळते तो एजंट. आणि एका बहिणीचे नाव लागलेलेच नाही, हे ज्याला चहाच्या गप्पांत कळते, तो चांगला एजंट. माझ्यासारखा वकील कागदावर असलेले वाचतो. कागदावर नसलेले या माणसाला आधी कळते. म्हणून त्याची किंमत आहे, आणि म्हणून त्याचा धोकाही आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत आहेत. आणि तिकडे आपली मराठी मंडळी, विशेषतः स्त्रिया, हा परवाना काढून काम करतात हे आपण ऐकले असेल. तिथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा. टेक्सासमध्ये परीक्षेआधी एकशेऐंशी तासांचा अभ्यास लागतो. कॅलिफोर्नियात तीन विषय, प्रत्येकी पंचेचाळीस तासांचे. हे तास तिथेही घरी बसून, ऑनलाइन पुरे करता येतात, आणि पुष्कळजण तसेच करतात. तास तिकडे अधिक आहेत म्हणून मी हे सांगत नाही. तासांनी शहाणपण येते असते तर आमच्या महाविद्यालयांतून काय काय बाहेर पडले असते! सांगायची गोष्ट निराळी आहे. तिथे परीक्षा उतरलेला नवा माणूस स्वतःची पाटी लावून बसू शकत नाही. त्याने एखाद्या परवानाधारक ब्रोकरच्या हाताखालीच काम करायचे असते. तो चुकला तर त्याच्या वरचा माणूसही अडचणीत येतो, म्हणून वरचा माणूस त्याच्यावर डोळा ठेवतो. म्हणजे ज्याला आपण उमेदवारी म्हणत होतो, ती त्यांनी कायद्यात बसवली. आपण परीक्षा कायद्यात आणली, आणि उमेदवारी होती ती सोडून दिली.

तिकडे सगळे सुरळीत आहे असे मात्र समजू नका. दलाली कोणी द्यायची, कोणाला द्यायची, या प्रश्नावर तिथे मोठे खटले झाले, आणि रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२४ साली तडजोड केली. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून घेणाऱ्याच्या एजंटाने घर दाखवण्याआधीच ग्राहकाशी लेखी करार करावा, त्यात आपला मोबदला लिहावा, असे ठरले. म्हणजे इतकी वर्षे परवाने, इतके तास, आणि तरी ‘तू कोणाचा माणूस?’ हा प्रश्न त्यांनाही परवा-परवा कागदावर आणावा लागला. आपण त्यांच्या मागे फार नाही. प्रश्न विचारायला सुरुवात केली म्हणजे झाले.

मला स्वतःला दोन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. पहिली ही, की वीस तास आणि परीक्षा झाल्यावर नव्या माणसाने एक वर्ष अनुभवी, नोंदणीकृत एजंटाच्या हाताखाली काढावे, आणि त्या वर्षातल्या व्यवहारांवर दोघांच्याही सह्या असाव्यात. यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप आहे. तो म्हणतो, अशाने जुने दलाल नव्यांना वर्षभर फुकट राबवतील, आणि गरिबाचा पोरगा बाहेरच राहील. आक्षेप खोटा नाही. पण आज तो पोरगा राबत नाही काय? बिल्डरच्या विक्री-कार्यालयात गळ्यात टाय बांधून, महिन्याचा आकडा गाठला नाही तर नोकरी जाईल या भीतीने तो जे बोलतो, ते राबणेच आहे. आणि तिथे त्याला खोटे बोलण्याचीच उमेदवारी मिळते. वर्षभराला कायद्याने काही किमान वेतन ठरवा, पण शिकायला माणूस द्या.

दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या अनुभवाची. हे सगळे परवान्याचे प्रकरण नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांपुरते आहे. पेठेतली वीस वर्षांची जुनी सदनिका विकायची असेल, किंवा मुलाला कॉलेजजवळ भाड्याची खोली हवी असेल, तर त्या व्यवहारात पडणाऱ्या दलालाला या कायद्याने परवाना लागत नाही. आणि खरे पाहता गल्लीतल्या एजंटाचे निम्म्याहून अधिक काम तेच असते. भाडेकरार नोंदवलाच पाहिजे असा १९९९ चा कायदा आहे. त्यासाठी अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरी येतो, दहा मिनिटांत काम होते, ही सोय चांगली झाली. पण खोली दाखवणारा, अनामत ठरवणारा, एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेणारा, तो आहे तसाच मोकळा आहे. अठरा वर्षांची मुलगी शिकायला शहरात येते, तिला पहिला भेटणारा परका माणूस पुष्कळदा हाच असतो. त्याचे नाव-गाव कुठे तरी लिहिलेले असावे, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

तोवर आपल्या हाती काय आहे ते सांगतो, कारण घर शोधणारी दहावीस कुटुंबे तरी या मांडवात नक्की असतील. एजंटाकडे त्याचा महारेरा क्रमांक मागा. नियमाप्रमाणे तो जाहिरातीवर आणि व्यवहाराच्या कागदांवर छापावाच लागतो, आणि प्रमाणपत्र कार्यालयात दिसेल असे लावावे लागते. एजंटाचा क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. पुष्कळदा ‘रेरा आहे, रेरा आहे’ म्हणून प्रकल्पाचा क्रमांक दाखवतात. तो एजंटाचा नव्हे. दोन्ही मागा, आणि महारेराच्या संकेतस्थळावर घरी बसून ताडून पाहा. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. तो चौकोनी ठिपक्यांचा शिक्का फोनने टिपलात की प्रकल्पाची नोंद उघडते. मंजूर मजले किती, पुरे करण्याची तारीख कोणती, तक्रारी आहेत काय, हे सारे तिथे वाचा. मराठी माणसाला क्रमांक मागायला संकोच वाटतो. समोरच्याला काय वाटेल? अहो, परीक्षा देऊन ज्याने प्रमाणपत्र मिळवले त्याला ते कोणी पाहायला मागितले तर आनंदच होईल. त्या तालुक्याच्या बाईंनी मला कळवले, की दुकानात त्यांनी प्रमाणपत्र काचेत लावले आहे, पण सहा महिन्यांत ते वाचायला एकही गिऱ्हाईक भिंतीपाशी गेले नाही.

आणि क्रमांक पाहून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, शांतपणे: या व्यवहारात तुम्हाला पैसे कोण देणार आहे, आणि किती? उत्तर लिहून मागा. पुढे काय विचारायचे ते त्या उत्तरावरून आपले आपल्याला समजेल.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले माझ्या लक्षात आले आहे. प्रश्नोत्तरांना वेळ राहावा म्हणून मी इथेच थांबतो.